हरवलेला सूर पुन्हा सापडतो, पण घराने साथ दिली तर!



आपली चळवळ जितकी सभा-परिषदांनी वाढविली, तितकीच ती गायकांनी वाढविली. भीमराव कर्डकांच्या जलशाने आणि वामनदादा कर्डकांच्या (१९२२-२००४) गाण्यांनी बाबासाहेबांचा विचार अशा माणसांपर्यंत पोहोचविला, ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हते. ती परंपरा आजही चालू आहे. एप्रिल महिना लागला की आपल्या वस्त्यांतील गायन पार्टीच्या पोरांना झोप नसते. एका रात्री दोन-दोन सुपाऱ्या असतात. पहाटे तीन-चार वाजता कार्यक्रम आटोपतो आणि मग एका मोटारसायकलवर तिघे बसून, ढोलकी पाठीला बांधून, पोरे घराकडे निघतात. डोळ्यांवर झोप असते आणि डोक्यावर हेल्मेट नसते.

त्यातला एखादा रस्त्यावर पडतो. इस्पितळात महिनाभर राहून तो घरी येतो. हात-पाय शाबूत दिसतात, जखम भरलेली असते, शेजारीपाजारी म्हणतात, "वाचला बिचारा!" परंतु चार दिवसांत घरच्यांच्या लक्षात येते की हा पूर्वीचा मुलगा नाही. सकाळी सांगितलेले दुपारी विसरतो. किरकोळ कारणावरून ताट भिरकावतो. पंख्याचा आवाजही त्याला सहन होत नाही. ढोलकी पुढे ठेवली तर हात चालत नाही. मग कुणी म्हणते वेडा झाला, कुणी म्हणते नाटक करतो, आणि कुणी हळूच म्हणते की बाहेरचे काहीतरी लागले.

आजचा विषय हाच आहे. डोक्याला मार बसलेला तरुण कलावंत पुन्हा उभा राहू शकतो काय? राहू शकतो तर कशाच्या जोरावर? याचे उत्तर देण्यासाठी एका दूरदेशीच्या मुलीची हकीगत सांगतो. ती काल्पनिक नाही, साऱ्या जगाला ठाऊक असलेली आहे.

सायकलवरची मुलगी

अमेरिकेत फिलाडेल्फिया नावाचे मोठे शहर आहे. मेलडी गार्डो ही त्या शहरातील मुलगी. जन्म १९८५ चा. लहानपण आजी-आजोबांकडे गेले. घरची श्रीमंती नव्हती. वयाच्या नवव्या वर्षी ती संगीत शिकू लागली आणि सोळाव्या वर्षापासून शुक्रवार-शनिवारी हॉटेलांत, बारमध्ये चार-चार तास पियानो वाजवून पैसे मिळवू लागली. दिवसा ती शहरातल्या सार्वजनिक कॉलेजात कपड्यांच्या रचनेचे शिक्षण घेत होती. म्हणजे आपल्याकडील शिकून-कमावून घराला हातभार लावणाऱ्या पोरींसारखीच ती होती.

नोव्हेंबर २००३ मध्ये ती सायकलवरून चालली असता एका मोटारीने लाल दिवा तोडून तिला उडविले. त्या वेळी तिचे वय होते अवघे अठरा. डोक्याला आणि पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली, कमरेचे हाड दोन ठिकाणी मोडले. पुढचे सुमारे वर्षभर ती पाठीवर पडून होती. चालणे तर सोडाच, दात कसे घासावयाचे हेसुद्धा तिला नव्याने शिकावे लागले. स्मरणशक्ती दगा देऊ लागली. वेळेचे भान राहीना. उजेड आणि आवाज या दोन्ही गोष्टी तिला असह्य झाल्या. पियानो वाजविणाऱ्या मुलीला आवाजच नकोसा व्हावा, यापरते दुःख ते कोणते!

अशा वेळी एका डॉक्टरांनी तिला विचारले की तुला काय करावयास आवडत असे? उत्तर होते संगीत. त्यांनी सल्ला दिला की तेच कर, त्याने मेंदू सावरण्यास मदत होईल. आता पियानोपुढे बसणे तर शक्य नव्हते, कारण बसताच येत नव्हते. तेव्हा ती आधी नुसती गुणगुणू लागली. मग गुणगुणलेले टेपरेकॉर्डरवर भरून ठेवू लागली. पुढे पाठीवर पडल्या-पडल्याच गिटार शिकली. त्या आजारपणातच तिने स्वतःची गाणी रचली. ही गाणी आपली खाजगी आहेत, ती बाहेर नेऊ नयेत, असे तिला आधी वाटत होते. परंतु २००५ साली त्यांची छोटी ध्वनिमुद्रिका निघाली. नाव 'सम लेसन्स', म्हणजे काही धडे. जोडनाव होते 'द बेडरूम सेशन्स'. आजारपणाच्या बिछान्यावरची गाणी म्हणून ते नाव किती चपखल आहे पाहा.

नंतर २००६ साली तिने 'वरिसम हार्ट' ही ध्वनिमुद्रिका स्वतःच्या हिमतीवर काढली. तीच २००८ साली व्हर्व्ह या मोठ्या कंपनीने जगभर प्रसिद्ध केली. तेथून तिचे नाव देशोदेशी झाले. पण येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ती रंगमंचावर येई तेव्हा हातात काठी असे, डोळ्यांना काळा चष्मा असे, कमरेला वेदना कमी करणारे विजेचे लहान यंत्र बांधलेले असे. म्हणजे ती पूर्ण बरी होऊन मग गाऊ लागली असे नाही. दुखापत सोबत घेऊनच ती गाऊ लागली. आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना आवडेल. ही मेलडी गार्डो बौद्ध आहे, आणि संगीताने रुग्ण कसा सावरतो याविषयी ती जाहीरपणे बोलत आलेली आहे.

स्वतःचेच शागीर्द

त्याच फिलाडेल्फिया शहरातील दुसरे उदाहरण. पॅट मार्टिनो हे १९४४ साली जन्मलेले गिटारवादक. विशीतच त्यांनी नाव कमावले होते. मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या दोषामुळे १९८० साली त्यांच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. जीव वाचला, पण स्मृती गेली. आई-वडिलांनाही ते ओळखेनात. गिटार कशी वाजवितात हेही आठवेना. वडिलांनी घरातील त्यांच्याच जुन्या ध्वनिमुद्रिका लावून ऐकविल्या. मित्र येऊन बसत. हळूहळू ते स्वतःच्याच जुन्या वादनावरून पुन्हा गिटार शिकले. जणू स्वतःचेच शागीर्द झाले! सात वर्षांनंतर, १९८७ साली, त्यांची नवी ध्वनिमुद्रिका आली. नाव 'द रिटर्न', म्हणजे परत येणे. पुढे ते ३० वर्षांहून अधिक काळ जगले, आणि २०२१ साली निधन पावले.

सात वर्षे हा आकडा लक्षात ठेवावा. आपल्याकडे सात आठवड्यांत घरचे लोक कंटाळतात.

मेंदूत घडते काय?

आता शास्त्र काय सांगते ते साध्या शब्दांत पाहू. बाबासाहेबांचा मार्ग बुद्धीचा आहे. कारण कळले की भीती जाते आणि भगताकडे जाणारा पाय थांबतो.

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते, परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू तो एकटा वापरतो. कवटी म्हणजे टणक डबा आणि मेंदू म्हणजे त्यातील मऊ गोळा. वेगाने जाणारे डोके एकदम आदळले की हा गोळा आतल्या आत हेलकावतो, पुढे-मागे आपटतो, आतील बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. बाहेरून जखम लहान दिसली तरी आतील नुकसान मोठे असू शकते. विशेषतः कपाळामागील भागाला मार लागला, तर राग आवरणे, काम आखणे, स्वतःहून उठून काही करणे या गोष्टी बिघडतात. म्हणून मुलगा चिडतो किंवा नुसता बसून राहतो. ते त्याचे नाटक नव्हे, आळस नव्हे, आणि भूतबाधा तर नव्हेच नव्हे. पाय मोडलेल्या माणसाला आपण "पळ, पळ" म्हणत नाही. मग मेंदू दुखावलेल्या माणसाला "आठव, आठव" म्हणून का छळावे?

मग संगीताने काय होते? मेंदूत संगीताची एकच एक खोली नाही. सूर ऐकण्याचा भाग वेगळा, ताल धरण्याचा वेगळा, बोटे हलविण्याचा वेगळा, भावनेचा वेगळा, आठवणीचा वेगळा. गाणे म्हणताना हे सर्व भाग एकदम कामाला लागतात. एक वाट बंद पडली तरी दुसऱ्या वाटेने काम काढण्याची शक्ती मेंदूत असते. पण ती वाट रोजच्या सरावानेच मळते. शेतातली पायवाट जशी ये-जा केल्यानेच पडते, तसे हे आहे.

बोलण्याचे उदाहरण घ्या. बहुतेक माणसांत भाषेचे मुख्य केंद्र मेंदूच्या डाव्या बाजूला असते. तेथे मार लागला म्हणजे शब्द सुचत नाहीत, जीभ अडते. परंतु असे पुष्कळ रुग्ण आढळतात की ज्यांना "पाणी द्या" एवढे म्हणता येत नाही, पण पाठ असलेले गाणे ते शब्दांसकट म्हणतात. कारण सुराच्या कामात मेंदूच्या उजव्या बाजूचा वाटा मोठा आहे. याच आधारावर अमेरिकेतील बोस्टन शहरात तज्ज्ञांनी एक उपचारपद्धती बसविली आणि १९७३ साली ती जगापुढे मांडली. तिच्यात रोजचे वाक्य आधी चालीवर म्हणावयाचे, सोबत डाव्या हाताने ठेका धरावयाचा आणि मग हळूहळू चाल काढून टाकून साधे बोलण्यावर यावयाचे, असा क्रम आहे. अमेरिकेच्या संसद-सदस्या गॅब्रियल गिफर्ड्स यांच्या डोक्यात ८ जानेवारी २०११ रोजी एका माथेफिरूने गोळी झाडली. त्यांची वाचा गेली. त्यांच्या उपचारातही गाण्याचा उपयोग करण्यात आला होता.

फिनलंड देशात अर्धांगवायूचा झटका आलेल्या ६० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. काहींना पहिले दोन महिने रोज आपल्या आवडीचे संगीत ऐकविले, काहींना पुस्तकाचे वाचन ऐकविले आणि काहींना यापैकी काहीच नाही. संगीत ऐकणाऱ्यांची शब्दांची आठवण आणि लक्ष देण्याची शक्ती इतरांपेक्षा अधिक सुधारली, त्यांची उदासीनताही कमी आढळली. हा अभ्यास अपघाताच्या रुग्णांवरचा नव्हता, हे खरे. परंतु दुखावलेल्या मेंदूला सुराचा आधार मिळतो एवढे त्यावरून दिसते.

मात्र संगीत म्हणजे जादूची कांडी नव्हे. शस्त्रक्रिया, औषधे, व्यायाम हे सर्व आधी आणि सोबत पाहिजेच. आणि प्रत्येक जखमी माणूस पूर्वीसारखा होतोच असेही नाही. काहींचे थोडे परत येते, काहींचे पुष्कळ. थोडे परत आले तरी त्याची किंमत घरच्यांनी ओळखावी.

वीणेच्या तारेचा धडा

या प्रसंगी तथागतांच्या जीवनातील सोण भिक्खूची गोष्ट आठवते. सोण हा चंपा नगरीच्या धनवान घरातील सुकुमार मुलगा. गृहस्थ असताना तो उत्तम वीणा वाजवीत असे. भिक्खू झाल्यावर राजगृहाजवळच्या सीतवनात त्याने इतकी कठोर साधना चालविली की चालून-चालून पायांतून रक्त आले. तरीही मन शांत होईना, तेव्हा परत घरी जावे असा विचार त्याच्या मनात आला. भगवंतांनी त्याला विचारले की वीणेच्या तारा फार ताणल्या तर वीणा बरोबर वाजते काय? तो म्हणाला, नाही. आणि फार सैल सोडल्या तर? तेव्हाही नाही. भगवंतांनी त्याला समजाविले की प्रयत्नाचेही असेच आहे. अति ताण नको, अति ढिलाई नको, मधली योग्य जुळणी पाहिजे.

मेंदूच्या दुखापतीतून सावरणाऱ्या तरुणासाठी याहून नेमका सल्ला मला माहीत नाही. असा मुलगा लवकर दमतो. दुखावलेल्या मेंदूला साध्या कामासाठीही अधिक शक्ती लागते. बापाला वाटते, पोराने दिवसभर सराव केला म्हणजे लवकर बरा होईल. आईला वाटते, पोराला कुठलाच त्रास नको, पडून राहू दे. दोघांचीही माया खरी, पण एकाने तार ताणली आणि दुसरीने सैल सोडली. सकाळी दहा मिनिटे, मग विश्रांती, दुपारी पुन्हा दहा मिनिटे आणि जमेल तशी आठवड्याला थोडी वाढ. डॉक्टर आणि व्यायाम शिकविणारे सांगतील ते प्रमाण ठेवावे.

घरात काय करावे?

मायबहिणींसाठी काही गोष्टी क्रमाने सांगतो. कारण सेवेचा खरा भार त्यांच्यावरच पडतो.

पहिली गोष्ट. डोक्याला मार लागल्यावर माणूस उठून बसला, बोलू लागला, म्हणून निश्चिंत राहू नये. आत रक्त साठून काही तासांनी, कधी काही दिवसांनीही प्रकृती बिघडते. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, फिट, एक बाहुली मोठी दिसणे, कानातून-नाकातून रक्त किंवा पाणी येणे, यापैकी काहीही दिसले तर ताबडतोब मोठे इस्पितळ गाठावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

दुसरी गोष्ट. घरी आल्यावर खोलीत शांतता ठेवावी. आपल्या चाळीत, झोपडीत एकच खोली असते हे मी जाणतो. पण टी.व्ही.चा आवाज कमी करणे, भेटायला येणाऱ्यांना एका वेळी एक-दोघांनीच येण्यास सांगणे, डोळ्यांवर उजेड येत असेल तर पडदा म्हणून जुने लुगडे लावणे, एवढे तरी जमते. जयंतीच्या मिरवणुकीतील मोठ्या डी.जे.पुढे त्याला नेऊन उभे करू नये. त्याला आनंद वाटेल म्हणून आपण नेतो आणि त्याचे डोके फुटावयास लागते.

तिसरी गोष्ट. भिंतीवर मोठ्या अक्षरांत दिवसाचे वेळापत्रक लावावे. उठणे, दात घासणे, गोळी, व्यायाम, जेवण, झोप. एक वही त्याच्या हाती द्यावी. एका वेळी एकच काम सांगावे. विसरला तर हसू नये, लहान भावंडांनाही हसू देऊ नये. वहीकडे बोट दाखवावे.

चौथी गोष्ट. वाद्य त्याच्यापासून लपवू नये आणि त्याच्यावर लादूही नये. ढोलकीवाला असेल तर प्रथम मांडीवर थाप देऊ द्यावी. पेटी वाजविणारा असेल तर एका बोटाने सा रे ग म वाजवू द्यावे. गाणारा असेल तर त्याने आधी नुसते गुणगुणावे. त्याच्या जुन्या कार्यक्रमांची कॅसेट किंवा मोबाईलवरील ध्वनिमुद्रण असेल तर हळू आवाजात लावावे. बोलता येत नसेल तर रोज संध्याकाळी सर्वांनी मिळून संथपणे त्रिसरण-पंचशील म्हणावे. लहानपणापासून पाठ असलेल्या गोष्टी पुष्कळदा बोलणे गेल्यावरही ओठांवर येतात. पहिल्या दिवशी त्याचे ओठ नुसते हलतील. तेवढे पुरे.

पाचवी गोष्ट. फिट आली तर कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात चमचा नाही, पाणी नाही. कुशीवर वळवावे, मानेजवळचे कपडे सैल करावेत, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात. फिट पाच मिनिटांच्या वर चालली किंवा लागोपाठ आली तर इस्पितळात न्यावे. फिटच्या गोळ्या बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत.

सहावी गोष्ट, दारू. पंचशीलात मद्यवर्ज्य आहेच आणि बाबासाहेबांनी १९५६ साली दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही आहे. दुखावलेल्या मेंदूला तर दारूचा थेंबही विषासारखा. "थोडी घे, झोप लागेल" असे म्हणणारा मित्र हा मित्र नव्हे.

अंगारे-धुपारे, कोंबडे-लिंबू यांत पैसे घालविणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की तो पैसा इस्पितळाच्या बसभाड्याला ठेवा. मुंबईत हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. मोठ्या सरकारी व महापालिकेच्या इस्पितळांतही व्यायामोपचार आणि वाचोपचार करणारे असतात. घरी सोडते वेळी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे की पुढील व्यायामासाठी कोठे आणि केव्हा यावयाचे? आपण विचारत नाही, म्हणून ते राहून जाते.

कागदाची किंमत

रोज फायलींत डोके घालणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला कागदाची किंमत कळते. अपघातानंतर घरचे रडत असतात आणि कागद हरवतात. म्हणून वस्तीतील एखाद्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने हे काम अंगावर घ्यावे. पोलिसांतील फिर्यादीची नक्कल, पंचनामा, इस्पितळाचे डिस्चार्ज कार्ड, सी.टी. स्कॅनच्या फिल्म, औषधांच्या पावत्या हे सर्व एका पिशवीत जपावे.

मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणापुढे भरपाईचा अर्ज करता येतो. २०१९ च्या कायदा-दुरुस्तीने त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली, तेव्हा उशीर करूच नये. धडक देऊन पळून गेलेली गाडी सापडली नाही तरी मदतीची वेगळी तरतूद आहे. आता गायन पार्टीच्या पोराला पगारपत्रक कोठून असणार? त्याची कमाई दाखवावयाची कशी? तर सुपारीची चिठ्ठी, मंडळाने दिलेली पावती, कार्यक्रमाचे हँडबिल, तारखांची वही, हाच त्याचा पुरावा. प्रत्येक पार्टीने आजपासून अशी वही ठेवावी. बिदागी किती मिळाली ते लिहावे आणि मंडळाच्या सेक्रेटरीची सही घ्यावी.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची जन आरोग्य योजना आहे. योजनेतील इस्पितळात आरोग्यमित्र बसलेला असतो. दाखल करतानाच त्याला गाठावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता मान्य आहे. मेंदूच्या इजेने कायमची वाचा गेली किंवा हात-पाय निकामी झाले तर त्याची गणना त्यात होते. ४० टक्के वा अधिक दिव्यांगतेचे प्रमाणपत्र मिळाल्यास अनेक सवलतींचे दार उघडते. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगता आली, तर त्या कारणावरून कामावरून काढता येत नाही की पदावरून खाली आणता येत नाही, असेही त्या कायद्यात आहे. हे कोणाचे उपकार नव्हेत. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडविलेल्या संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात आजारपणात आणि अपंगत्वात सार्वजनिक साहाय्य मिळावे अशी राज्याला दिशा दाखविलेली आहे.

आणि अपघातच टळावा म्हणून हेल्मेट! कायद्याने चालविणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला दोघांनाही ते बंधनकारक आहे. आय.एस.आय. शिक्क्याचे घ्यावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली आवळावा. नुसते डोक्यावर ठेवलेले हेल्मेट पडताना आधी उडून जाते. जी मंडळे हजारो रुपयांचा डी.जे. आणतात, त्यांनी गायकांची रात्री झोपण्याची सोय करावी आणि उजाडल्यावरच त्यांना निरोप द्यावा. रस्त्यात कोणी जखमी दिसला तर न घाबरता इस्पितळात न्यावा. मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली निर्णय दिला आणि २०१९ साली ती तरतूद कायद्यातही आली.

आपला वाटा

शेवटी समाजाचा वाटा. विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडलेला होता. भगवंतांनी त्याला विचारले की तुझी देखभाल कोणी का करीत नाही? तो म्हणाला की मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले आणि उचलून मंचकावर निजविले. मग संघाला बोलावून सांगितले की येथे तुम्हाला ना आई आहे ना बाप. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करील?

"उपयोगी पडत नाही!" आपल्या गायन पार्ट्यांतील जखमी पोरांची हीच कथा आहे. स्टेजवर असताना त्यांच्यावर नोटा उधळावयाच्या आणि पडल्यावर त्यांच्या जागी दुसरा ढोलकीवाला उभा करावयाचा. नवा ढोलकीवाला जरूर घ्यावा, कार्यक्रम थांबू नये. परंतु जुन्याचे नाव यादीतून खोडू नये. प्रत्येक सुपारीतून थोडा वाटा त्याच्या घरी पोहोचवावा. रविवारी विहारात वंदनेला त्याला सोबत आणावे, शांत कोपऱ्यात बसवावे, टाळ किंवा खंजिरी हाती द्यावी. महिला मंडळाने पाळ्या लावून आठवड्यातून दोन दुपारी त्याच्याजवळ बसावे, म्हणजे त्याच्या बायकोला किंवा आईला दोन घटका झोप मिळेल. सेवा करणारी बाई आजारी पडली की ते घर कोसळतेच.

मेलडी गार्डोला एका डॉक्टरांनी तुझ्या आवडीचे काय, एवढे विचारले. पॅट मार्टिनोला वडिलांनी जुन्या ध्वनिमुद्रिका लावून दिल्या. यांत लाखांचा खर्च कोठे आहे? विचारणारे माणूस पाहिजे आणि शेजारी बसणारे माणूस पाहिजे. आपल्या वस्त्यांत पैशांची टंचाई असेल, माणसांची टंचाई नाही. तेव्हा या आठवड्यात आपल्या गल्लीत असा कोणी घरात बसून राहिलेला वादक, गायक, कोरसवाला आहे काय याची चौकशी करावी, त्याच्या दारी जावे आणि त्याला विचारावे, "दादा, तुला कोणते गाणे आवडते?"

जय भीम! नमो बुद्धाय!